हिंदी सराईतला मुक्काम

मोबाइल घरीच ठेवा, त्याचा तिथं काही उपयोग नाही. मनगटावर चावीचं घड्याळ असेल तर असू द्या. पायांत चांगल्या जाड तळव्यांच्या चपला घाला, कारण गाव सगळं दगडी पायऱ्यांचं आहे. छत्री नको. जूनचा मध्य असला, तरी मृगाच्या सरींचा तिथं पत्ता नाही. आता डोळे मिटा. आणि उघडा.

आधी वास येतो. तेलात परतलेल्या कांद्याचा, शिजणाऱ्या मसुरीचा, आणि भिंतीपलीकडच्या भट्टीतून येणारा भाजलेल्या तिळाचा. तुम्ही एका अंगणात खाटेवर पडला आहात. पाठीखालची गादी रात्रभराच्या गारव्यानं अजून थंड आहे, पण चेहऱ्यावर पडलेलं ऊन मात्र आत्ताच टोचायला लागलंय. तेवढ्यात कानावर पडतं, "उठिए जनाब, चाय ठंडी हो रही है."

दचकू नका. पोचलात तुम्ही जेरुसलेमलाच. शहराच्या जुन्या तटाच्या आत, हेरॉडच्या दरवाजाजवळची ही हिंदी सराई. पंजाबचे सूफी संत बाबा फरीद कधीकाळी इथं ध्यानाला बसले होते असं सांगतात, आणि तेव्हापासून ही जागा हिंदुस्तानातून येणाऱ्यांची. सध्या सराई सांभाळणारे शेखसाहेब सहारनपूरचे. तेवीस वर्षांपूर्वी आले आणि इथलेच झाले. महायुद्धात आपल्या पलटणींचे शिपाई सुट्टीला याच अंगणात येऊन राहायचे. साल १९४७. आज रविवार आहे, तेव्हा चहा प्या आणि लगेच बाहेर पडा. उद्या ही संधी मिळणार नाही.

गल्लीत पाऊल टाकताच गर्दी तुम्हाला उचलून पुढं नेते. एक गाढव तुमच्या कमरेला घासून जातं, त्याच्या पाठीवर जर्दाळूंच्या पेट्या. लाल भरतकामाचे झगे घातलेल्या खेडूत बायका द्राक्षाच्या पानांच्या जुड्या मांडून उकिडव्या बसल्यात. तीळ लावलेल्या लांबट पावांची परात डोक्यावर घेऊन एक पोरगा वाट मागतोय. पाव घ्या. सोबत कागदाच्या पुडीत झातर देतो तो, ओव्याच्या जवळपास जाणाऱ्या वासाची, किंचित आंबट. समोरून ज्येष्ठमधाचं सरबत विकणारा येतो, पितळी वाट्या एकमेकींवर आपटत, खण्‌ खण्‌ खण्‌. नाबलुसच्या साबणाच्या चळती, ऑलिव्ह तेलाचा जड वास, वेलदोडा घातलेल्या कॉफीची वाफ, ग्रीक पाद्र्याची काळी टोपी, लांब कोटातला घामाघूम ज्यू म्हातारा, आणि या सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत जाणारे दोन लालबुंद गोरे सोजीर. अरबी, हिब्रू, यिडिश, आर्मेनियन, इंग्रजी. कुणी कुणाशी कुठल्या भाषेत भाव करेल याचा नेम नाही. भाव मात्र होतो.

ही गर्दी नीट बघून ठेवा. पुढं जे काही बोललं जाणार आहे, ते हिच्याविषयी आहे.

सोमवारी सकाळी तोच रस्ता. पण कानात दडे बसल्यासारखं होतं. फळ्या लागलेल्या, भट्टी गार, गाढवं गायब. एक मांजर पायरीवर झोपलंय आणि तुमच्याच चपलांचा आवाज तुम्हाला मोठा वाटतोय. अरबांनी हरताळ पाळलाय. कारण संयुक्त राष्ट्रांनी नेमलेली अकरा देशांची समिती आज कामाला बसतेय, या भूमीचं, पॅलेस्टाइनचं, काय करायचं ते ठरवायला. इथं राज्य करणाऱ्या इंग्रजांनी हात टेकले आणि प्रश्न जगापुढं टाकला. शेखसाहेबांना विचारलंत तर ते हळू आवाजात सांगतील, की इथले लोक म्हणतात, घर आमचं, मग अकरा परक्यांपुढं साक्ष कशाला द्यायची?

तटाबाहेर पडा आणि पश्चिमेला चढा. अर्ध्या तासाची चाल, घाम वाळून अंगावर मीठ उरेल इतकी कोरडी हवा. मग काटेरी तारांची भेंडोळी लागतात, वाळूची पोती, चिलखती गाडी. सोजीर तुमचे खिसे चाचपतो, ओळखपत्र विचारतो. उजव्या हाताला वायएमसीएचा उंच देखणा मनोरा. डाव्या हाताला किंग डेव्हिड हॉटेल, आणि त्याची एक बाजू चावा घेतल्यासारखी तुटलेली. मागच्या जुलैत ज्यू अतिरेक्यांनी पेरलेला बॉम्ब तिथं फुटला आणि ९१ माणसं गेली. त्यांत इंग्रज होते, अरब होते, ज्यूही होते. वर्ष होत आलं तरी त्या बाजूनं वारा आला की ओठांवर चुन्याची चव लागल्यासारखं वाटतं.

वायएमसीएच्या सभागृहात मागं जागा धरा. समितीचं काम इथंच चालतं. अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश सँडस्ट्रॉम. कॅनडाचे न्यायमूर्ती रँड, ग्वातेमालाचे ग्रॅनाडोस, इराणचे एन्तेझाम. मागच्या बाजूला कागदांत डोकं खुपसून बसलेले सचिवालयातले राल्फ बंच; यांना पुढं तीन वर्षांनी शांततेचं नोबेल मिळणार आहे. आणि 'भारत' अशी पाटी पुढ्यात असलेले सर अब्दुर रहमान, लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. यांच्यावर लक्ष ठेवा.

आता काळाला थोडी ढकल देऊ, पाच आठवडे एका जागी बसून कुणाला सोसणार? साक्षीमागून साक्षी होतात. इंग्रजीचं फ्रेंच, फ्रेंचचं इंग्रजी, दुपारच्या उकाड्यात पापण्या जड होतात. दृष्टी अधू झालेले वृद्ध झायनिस्ट नेते वाइझमन बोलायला उठतात, तेव्हा मात्र सभागृह खोकायचंही थांबतं. युरोपात आपल्या लोकांची जी कत्तल झाली ती सांगताना त्यांना आवाज चढवावा लागत नाही. हिब्रू विद्यापीठाचे माग्नेस वेगळं सांगतात, ज्यू आणि अरब दोघांचं मिळून एकच राज्य असू द्या. रहमान साक्षीदारांना कसलेल्या वकिलाच्या चिकाटीनं प्रश्न विचारतात, पुन्हा, आणि पुन्हा. पण या भूमीत ज्यू सहा लाख, तर अरब बारा लाख आहेत. त्या बारा लाखांच्या वतीनं, त्यांचं नेतृत्व करणाऱ्या अरब उच्च समितीचं कुणीही या खोलीत नाही. त्यांचा राग मला समजतो. तरीही ही खुर्ची रिकामी ठेवणं ही त्या उन्हाळ्यातली सगळ्यांत महागात पडलेली चूक होती, असं मी मानतो.

समिती गाड्यांतून देशभर फिरते. तुम्हीही एका गाडीत घुसा. तेल अवीवला हवा दमट, मुंबईकराला लगेच ओळखीची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, टाळ्या, सज्जांतून हलणारे रुमाल. हैफात अरब मालकाचा सिगारेटचा कारखाना दाखवतात. तंबाखूची पूड घशात जाते, शिंका येतात, पण स्वागताला हसू नाही. अरब गावांतून जाताना कॉफी भाजल्याचा वास येत राहतो आणि पेला कुणी पुढं करत नाही. दारी आलेल्याला कॉफीशिवाय न सोडणारी ही माणसं. त्यांना ते किती जड गेलं असेल!

मग एक शुक्रवार येतो, १८ जुलै. हैफाचं बंदर. मळकी जुनी बोट धक्क्याला लागलीय, अमेरिकेतल्या खाडीत प्रवासी नेणारी, आता नाव 'एक्सोडस'. इंग्रज युद्धनौकांनी ठोकरून तिच्या कडेच्या फळ्या चेचल्यात. आत साडेचार हजार माणसं, युरोपातल्या छावण्यांतून आलेली. तेलाचा, घामाचा, ओकारीचा वास उन्हात तापून वर येतो. हातात गाठोडं, गाठोड्यावर मूल, अशी एकेक बाई खाली उतरते आणि सोजीर तिला दुसऱ्या जहाजाकडं वळवतात, परत युरोपला न्यायला. चकमकीत तिघं मेलेत. सँडस्ट्रॉम आणि युगोस्लाव्हियाचे सिमिच धक्क्यावर उभे राहून हे पाहताहेत. या दृश्याचं वजन समितीवर पडलं. तुमच्यावरही पडेल, तुम्ही कुठल्याही बाजूचे असा.

रात्री सराईत परत या. अंगणात गार वारा सुटलाय, निजायच्या आधी पाण्याच्या टाक्यातली बादली वाजते. कुणीतरी रेडिओची खुंटी पिळतंय. खरखर, शिट्टी, आणि मग लंडनची बातमी: हिंदुस्तानच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर आज राजाची मोहोर उठली. म्हणजे फाळणीवरही. अंगणात बसलेली माणसं, सहारनपूरची, कुठकुठली, काही बोलत नाहीत. तुम्हीही बोलू नका. पुढच्या काही दिवसांत लाहोरात पंजाबच्या सीमा आयोगापुढं युक्तिवाद सुरू होतील, कुठलं गाव कुणाचं याचे. आयोगावरचे चार न्यायाधीश दीन मुहम्मद, मुनीर, मेहरचंद महाजन आणि तेजासिंग. चौघंही लाहोर उच्च न्यायालयातले, रहमान यांचे सहकारी. ते तिथं पंजाब कसा कापायचा ते ऐकणार आणि हे इथं पॅलेस्टाइन कापायचा की नाही ते ऐकताहेत.

मग समिती अहवाल लिहायला जिनिव्हाला जाते. तिथं फार वेळ थांबायला नको. तळं, हिरवळ, बंद दारांमागचे वाद. अकरांपैकी सात देश म्हणाले, दोन राज्यं करा. त्यांचा नकाशा काढून टेबलावर ठेवला तर अरबांचे तीन तुकडे, ज्यूंचे तीन, कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले, आणि जेरुसलेम कुणाचंच नाही. ऑस्ट्रेलियानं मत दिलं नाही. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळा अहवाल लिहिला: देश एक ठेवा, आत अरब आणि ज्यू अशी दोन घटक राज्यं, वर संघराज्याचं सरकार, राजधानी जेरुसलेम. हाही तोडगा दोन्ही बाजूंना नको होता. लोकांना न विचारता लिहिलेल्या कागदाचं दुबळेपण त्यातही होतं. पण रविवारच्या त्या गल्लीत ज्यानं पाव घेतला, त्याला ती गल्ली कुठून कापायची हे सांगता येणार नाही. तीन देशांचा अहवाल निदान तिथं सुरी लावत नव्हता. म्हणून मी त्याच्या बाजूनं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस आमसभेत विभाजनाच्या बाजूनं ३३ मतं पडली, विरोधात १३. त्या तेरांत एक मत भारताचं होतं.

आता परत निघू. जाता जाता जिनिव्हातल्या त्या अहवालाखालच्या सह्या तेवढ्या पाहून घ्या. तारीख ३१ ऑगस्ट १९४७. अब्दुर रहमान यांची सही भारताचा प्रतिनिधी म्हणून आहे. पंजाबातली सीमारेषा जाहीर होऊन त्या दिवशी चौदा दिवस झाले होते, आणि ज्या शहरातल्या न्यायालयातून ते आले होते ते लाहोर आता पाकिस्तानात होतं.