नाद, पेटी आणि चार भिंती

दुकानांत ऐकतांना भरदार व गोड वाटलेलें यंत्र घरीं आणून लावलें कीं त्यावरील तेंच गाणें पोकळ, घुमणारें किंवा कर्कश वाटूं लागतें, हा अनुभव शहरांतील पुष्कळ कुटुंबांना आलेला असतो. दोष अर्थातच यंत्रावर ढकलला जातो. मग तें बदलून अधिक किंमतीचें आणलें जातें, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां तीच तक्रार सुरू होते. दुकानदार यंत्र विकतो; खोली कोणी विकत नाहीं, म्हणून तिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं. वास्तविक घरांतील ध्वनि सुधारण्याचा इतिहास पाहिला, तर लाउडस्पीकर ज्या पेटींत बसतो आणि ती पेटी ज्या चार भिंतींत उभी राहते, त्यांच्याकडे लक्ष गेलें तेव्हांच त्यांतील बरेचसे मोठे टप्पे गांठले गेले असें दिसून येतें.

हा इतिहास एका फसलेल्या सभागृहापासून सुरू होतो. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचें फॉग कलासंग्रहालय उघडलें. त्यांतील व्याख्यानगृह पाहण्यास नीटनेटकें होतें, पण तेथें वक्त्याचें बोलणें श्रोत्यांना धड कळेना. एकदां उमटलेला ध्वनि त्या रिकाम्या जागेंत पांच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळत असे. तेवढ्या अवधींत वक्ता पुढचे अनेक शब्द बोलून जाई आणि ते सारे एकमेकांवर चढत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनीं यावर उपाय शोधण्याचें काम वॉलेस क्लेमेंट सॅबिन या २७ वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे सोंपविलें.

सभागृहाच्या ध्वनिगुणांचें शास्त्र असें त्या काळीं नव्हतेंच. छताखालीं तारा ताणल्या म्हणजे घुमारा कमी होतो, अशांसारख्या समजुतींवर काम भागत असे. सॅबिननें घेतलेलीं साधनें अगदीं साधीं होतीं: ऑर्गनची एक नळी, दाबलेल्या हवेची टाकी, काळ टिपण्याचें यंत्र आणि स्वतःचे कान. नळी वाजवून बंद करावयाची आणि ध्वनि ऐकूं येईनासा होईपर्यंत किती वेळ लागतो तें मोजावयाचें. मग जवळच्याच सँडर्स नाट्यगृहांतील बांकांवरच्या गाद्या रात्रीं उचलून आणावयाच्या, त्या थोड्याथोड्या करून व्याख्यानगृहांत मांडावयाच्या, प्रत्येक वेळीं पुन्हां मोजावयाचें, आणि सकाळ होण्यापूर्वीं सर्व गाद्या जागच्या जागीं नेऊन ठेवावयाच्या. दिवसा रस्त्यावरील गलबल्यामुळें क्षीण होत जाणारा ध्वनि ऐकूं येणें शक्य नसे, म्हणून हा सर्व खटाटोप रात्रींच चाले. माणसाच्या अंगावरचे कपडेही ध्वनि शोषून घेतात हें ध्यानांत आल्यावर तर सॅबिन प्रत्येक निरीक्षणाच्या वेळीं ठरावीक पोशाखच करूं लागला. ज्या माणसानें आपला कोटसुद्धां हिशेबांत धरला, त्याच्या आंकड्यांवर जगानें विश्वास ठेवला यांत नवल नाहीं.

सुमारें तीन वर्षांच्या या परिश्रमांतून १८९८ च्या सुमारास जें सूत्र हातीं आलें तें शाळकरी मुलालाही समजेल इतकें सोपें आहे. जागेचें घनफळ जितकें अधिक तितका निनाद लांबतो. तिच्यांतील शोषण जितकें अधिक तितका तो आंखूड होतो. शोषण मोजण्याचें माप सॅबिननें मोठें मार्मिक निवडलें. तें म्हणजे उघडी खिडकी. खिडकींतून बाहेर गेलेला ध्वनि परत येत नाहीं, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी हें पूर्ण शोषणाचें एक परिमाण धरावयाचें आणि गादी, गालिचा, लांकूड, गिलावा, एवढेंच काय पण बसलेला माणूसही, किती खिडकीच्या बरोबरीचा आहे तें सांगावयाचें. ह्याच गणिताच्या आधारानें बांधलेलें बॉस्टन येथील सिंफनी हॉल १९०० सालीं उघडलें, आणि आजही जगांतील उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

हें गणित दिवाणखान्यालाही लागू करून पाहतां येतें. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशा खोलीचें घनफळ ६० घनमीटर होतें. त्याला ०.१६१ नें गुणून एकूण शोषणानें भागलें कीं निनादाचा काळ निघतो. खालीं गुळगुळीत लाद्या, भिंतींना चुना-सिमेंटाचा गिलावा आणि चार लांकडी खुर्च्या एवढाच सरंजाम असेल, आणि सर्व मिळून शोषण ५ चौरस मीटर खिडकीइतकें भरत असेल, तर निनाद जवळजवळ दोन सेकंद टिकेल. तेवढ्यांत द्रुत लयींतील तान चिखलांत रुतल्यासारखी होते. तो अर्ध्या सेकंदावर आणावयाचा तर सुमारें १९ चौरस मीटरांचें शोषण हवें. जुन्या बैठकींत जमिनीवर पसरलेल्या गाद्या, लोड, तक्के, गालिचा आणि त्यांवर दाटीवाटीनें बसलेली मंडळी हें काम नकळत करीत असत. सॅबिनच्या गाद्या आणि बैठकीच्या गाद्या यांत तत्त्वतः फरक नाहीं. आपल्याकडे खिडक्या खरोखरच उघड्या असतात ही आणखी एक सोय. मात्र रस्त्याचा गोंगाटही त्याच वाटेनें आंत येतो.

औषध गुणकारी ठरलें कीं त्याचा अतिरेक व्हावयाचाच. लंडनमध्यें ब्रिटिश नभोवाणीचें सॅव्हॉय हिल येथील केंद्र १९२३ सालीं सुरू झालें, तेव्हां तेथील खोल्यांच्या भिंती जाड कापडाच्या थरांनीं मढविल्या होत्या. निनाद नाहींसा झाला, पण त्याबरोबर आवाजांतील प्राणही गेला. गाणारांना आपलाच स्वर आपल्यापर्यंत परत येईना, आणि त्या खोल्यांत त्यांचा जीव गुदमरूं लागला. पुढें कापड कमी करीत जावें लागलें. घराची सजावट करतांना चारी भिंती आपादमस्तक मढविण्याचा सल्ला देणारे आजही भेटतात. त्यांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

इकडे यंत्राची स्थिति काय होती? कर्ण्याच्या ग्रामोफोनच्या काळांत ध्वनिमुद्रण कर्ण्यांत गाऊनच होई. सेकंदाला सुमारें २५० ते २५०० कंपनें एवढ्याच पट्ट्यांतील ध्वनि त्यांत सांपडे. तबकडीच्या एका बाजूच्या तीन मिनिटांत गवयाचा गळा ओळखूं येई, पण डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याची जवारी ऐकणाऱ्याला मनानेंच भरून काढावी लागे. १९२५ सालीं विजेच्या साह्यानें मुद्रण सुरू झालें, आणि त्याच वर्षीं चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील दोन संशोधकांनीं कर्ण्याविना चालणाऱ्या लाउडस्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें हलकें वेटोळें, त्याला जोडलेला कागदी शंकु, आणि विजेच्या चढउताराबरोबर मागें-पुढें हालणारा तो शंकु, ही रचना अद्यापहि बहुतेक घरांत चालू आहे. तथापि त्यांच्या लेखांतील एक गोष्ट शंकूइतकीच महत्त्वाची होती. शंकु पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. मधें आडोसा नसेल तर पुढचा दाब कडेनें वळून मागच्या पोकळींत शिरतो आणि खर्जाचे स्वर जागच्या जागीं नाश पावतात. म्हणून शंकु फळींत किंवा पेटींत बसविलाच पाहिजे. पेटी हा शोभेचा भाग नसून वाद्याचा भोपळा आहे, हें त्या दिवशीं ठरलें.

एवढें होऊनही एक निराळीच शंका उभी राहिली. १९४५ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमचे हॉवर्ड चिन आणि फिलिप आयझेनबर्ग यांनीं श्रोत्यांना वाजविलेलें संगीत निरनिराळ्या स्वरमर्यादांत ऐकवून त्यांची आवड विचारली. बहुसंख्य श्रोत्यांनीं वरचे स्वर छाटलेला अरुंद आवाजच पसंत केला. याचा अर्थ कित्येकांनीं असा घेतला कीं सामान्य माणसाला मूळाबरहुकूम ध्वनि नकोच आहे. मग त्यासाठीं खर्च तरी कशाला करावा? हा निष्कर्ष कायम झाला असता, तर घरोघरीं कमी प्रतीचा आवाज पोंचविण्यास शास्त्राचाच आधार मिळाला असता.

त्याचें उत्तर १९४७ सालीं आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेंतील हॅरी ऑल्सन यांनीं दिलें. त्यांनीं यंत्र अजीबात बाजूला ठेवलें. दिवाणखान्यासारख्या सजविलेल्या खोलींत श्रोते बसविले, पडद्यापलीकडे खरेखुरे वादक बसविले, आणि मधें ५००० कंपनांवरील स्वर अडविणारी, उघडतां व मिटतां येणारी ध्वनीची चाळणी उभी केली. चाळणी केव्हां उघडी व केव्हां मिटलेली, हें श्रोत्यांना पडद्यामुळें दिसत नसे. सुमारें दोन तृतीयांश श्रोत्यांनीं संपूर्ण, न छाटलेला ध्वनि पसंत केला. लोकांना उंच स्वर नको होते असें नाहीं. यंत्रानें त्या स्वरांत मिसळलेली भेसळ त्यांना नको होती. दूध नासकें आहे म्हणून न पिणाऱ्याला दुधाचीच नावड आहे असें म्हणण्यापैकीं हा प्रकार झाला होता. पुढें ज्याला ‘हाय-फाय’ म्हणूं लागले, त्या सर्व खटपटीला या साध्या प्रयोगानें मोठें बळ दिलें.

त्यानंतरच्या दहा वर्षांत पेट्यांची जणूं लाटच आली. अमेरिकेंत पॉल क्लिप्श यांनीं खोलीचा कोपराच कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणून वापरला. इंग्लंडमध्यें वार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनीं पातळ फळ्यांच्या दोन थरांमध्यें कोरडी वाळू भरली, आणि कोपऱ्यांत विटांची पेटी बांधून घेण्याचाही सल्ला दिला. हें वेडेपण नव्हे. फळी आपल्या परीनें गाऊं लागली कीं ती गवयाच्या स्वरांत आपला स्वर मिसळते. वाळूचे कण एकमेकांवर घासून ती शक्ति जिरवून टाकतात. सर्वांत दूरवर परिणाम करणारी युक्ति मात्र १९५४ सालीं एडगर व्हिलचर यांनीं काढली. खर्जासाठीं पेटी कपाटाएवढी असावी लागते, हा समज त्यांनीं मोडला. शंकूची कड अगदीं सैल ठेवून त्यांनीं तो लहान, हवाबंद पेटींत बसविला. त्याला परत ओढण्याचें काम कोंडलेली हवाच स्प्रिंगप्रमाणें करूं लागली, आणि हवेची स्प्रिंग धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षां अधिक प्रामाणिक निघाली. त्याबद्दल अधिक ताकदीचें विद्युत्‌यंत्र लागे, पण पुस्तकांच्या फडताळावर मावेल एवढ्या खोक्यांतून खोल खर्ज उमटूं लागला. पुढें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांनीं १९६१ नंतरच्या एका तपांत पेटीचें सारें गणित सूत्रबद्ध केलें, आणि सुतारकामांतील अंदाज संपला.

पेटी सुधारली तरी चार भिंती उरल्याच. सॅबिनचा हिशेब निनादापुरता बरोबर होता, परंतु लहान खोलींत खर्जाचे स्वर निराळाच खेळ खेळतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते ती तेथें ठाण मांडते. वर घेतलेल्या खोलींत लांबीच्या दिशेनें सुमारें ३४, रुंदीच्या दिशेनें ४३ आणि उंचीच्या दिशेनें ५७ कंपनांचे स्वर, व त्यांच्या पटींतील स्वर, असे अडकतात. त्यामुळें डग्ग्याची एक थाप घुमते तर दुसरी ऐकूंच येत नाहीं. आणि खुर्ची हातभर सरकविली कीं सगळा हिशेब बदलतो. तिन्ही मापें सारखीं असलेली खोली या दृष्टीनें सर्वांत वाईट. ३४ कंपनांची लहर १० मीटर लांब असते, तिला भिंतीवरच्या पडद्याची फिकीर काय? पातळ कापड फक्त उंच स्वर खातें आणि खर्ज तसाच ठेवतें, त्यामुळें पडदे लावून उलट आवाज अधिक गढूळ झाल्याचा अनुभव येतो. अंड्यांच्या पुठ्ठ्यांचे साचे भिंतींना चिकटविण्याची हौस तर निव्वळ वाया जाते. खर्जाला जाड, भिंतीपासून अंतर सोडून बसविलेली लोकर लागते, किंवा मागें पोकळी ठेवून ठोकलेली पातळ फळी, जी स्वतः हालून त्याची शक्ति घेते.

उंच स्वरांची गोष्ट वेगळी. १९४९ सालीं जर्मनींतील गॉटिंगेन येथें हेल्मुट हास यांनीं दाखविलें कीं बोलण्याच्या बाबतींत मूळ ध्वनीमागून ३० सहस्रांश सेकंदांच्या आंत आलेलें परावर्तन कानाला निराळें ऐकूं येत नाहीं. कान दिशा पहिल्याचीच मानतो. तेवढ्या काळांत ध्वनि सुमारें १० मीटर जातो, म्हणजे दिवाणखान्यांतलीं पहिलीं परावर्तनें सारीं ह्या मर्यादेंत येतात. तीं प्रतिध्वनि म्हणून कळत नाहींत, पण स्वराचा रंग बदलतात. त्याच गॉटिंगेनमध्यें मान्फ्रेड श्रोडर यांनीं १९७५ सालीं ध्वनि न शोषतां विखरून टाकणारी भिंत सुचविली. ० पासून ६ पर्यंतच्या अंकांचे वर्ग घेऊन ७ नें भागले असतां ०, १, ४, २, २, ४, १ अशा बाक्या उरतात. त्या प्रमाणांत खोल-उथळ खांचा केल्या कीं लहर अनेक दिशांना फुटते. निरनिराळ्या रुंदीचीं पुस्तकें मागें-पुढें रचलेलें फडताळ हें काम थोडेंबहुत करतें, आणि तें शहरांतील पुष्कळ घरांत आधींच असतें.

अलीकडे खोलीचे दोष मोजून ध्वनीचा तोल सांवरणारीं यंत्रें निघालीं आहेत. तीं एकाद्या फुगलेल्या खर्जाला खालीं आणतात. परंतु लाद्यांवरून उसळून परत येणारा ध्वनि त्यांना थांबवितां येत नाहीं, कारण तो तोंवर लाउडस्पीकरमधून बाहेर पडलेला असतो. बाजूच्या भिंतीवर तो कोठें आदळतो तें शोधण्यास आरसा पुरतो. एकानें नेहमींच्या जागीं बसावें, दुसऱ्यानें आरसा भिंतीला लावून हळूहळू सरकवावा. बसलेल्याला ज्या ठिकाणीं आरशांत लाउडस्पीकर दिसेल, तेथें जाड गालिचा टांगावा किंवा फडताळ ठेवावें.