चौथ्या चाकाचं वजन

घाटाखालच्या गावांत कापसाची बंडी भरताना गाडीवान दोन गोष्टी टाळतो. बोजा पुढे जास्त झाला की बंडी धुरजड होते; सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि जनावर लवकर थकतं. बोजा मागे गेला की बंडी उलाळ होते. धुरा वर उचलला जातो, जू मानेवर बसत नाही आणि चढावर बैलांना जोर लावता येत नाही. म्हणून भरताना तो मधूनमधून धुरा हाताने उचलून पाहतो आणि एखादा बोजा पुढे-मागे सरकवतो. मोटारीच्या चारही चाकांवरचं वजन जुळवण्याच्या विद्येला आज ‘कॉर्नर बॅलन्सिंग’ म्हणतात. तिची कुळकथा बुलढाणा जिल्ह्यातून सांगायची, तर ती या धुऱ्यापासूनच सुरू करावी लागेल.

बंडीला टेकू तीनच: दोन चाकं आणि एक जू. तीन टेकूंवरचं वजन बोजा कुठे ठेवला यावरच ठरतं, बाकी कशावर नाही. बोजा सरकवला की काम झालं. खामगावच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अशा बंड्यांनीच यायचा. तो कापूस मुंबईला लवकर पोचावा म्हणून १८७० साली जलंब–खामगाव हा लोहमार्गाचा फाटा टाकला गेला आणि खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. रूळ आले तरी शेतापासून बाजारापर्यंतची वाट बंडीचीच राहिली आणि तोल पाहणारा हातही तोच राहिला.

चौथा टेकू आला की हिशोबच बदलतो. चौरंगाचा एक पाय जरा आखूड असला तर तो कर्णरेषेवर डुगडुगतो. बसणारा मधोमध बसला तरी वजन दोनच पायांवर जातं. चारचाकी गाडीला स्प्रिंगा असतात, त्यामुळे ती डुगडुगत नाही. म्हणून दोष डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतोच.

चाकांच्या दिशेची कथा वेगळ्या वाटेने आली. युरोपातल्या चारचाकी घोडागाड्यांचा पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्याभोवती फिरायचा. वळणावर गाडीचा पाया अरुंद व्हायचा आणि ती कलंडायची. म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने आस स्थिर ठेवून दोन्ही चाकं आपापल्या खुंटीवर फिरवण्याची रचना काढली. तिचं पेटंट १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमन याने घेतलं, म्हणून जग तिला आकरमनच्या नावाने ओळखतं. आतलं चाक लहान वर्तुळावर जातं, तेव्हा ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, एवढंच त्यातलं सूत्र. पण प्रत्येक चाक स्वतंत्र वळू लागलं, त्या दिवसापासून दोन्ही चाकं एकमेकांशी जुळलेली आहेत का हा प्रश्न जन्माला आला. आज टायरच्या दुकानात ज्याला अलाइनमेंट म्हणतात, ते सगळं या प्रश्नाचं उत्तर आहे.

वजन आणि दिशा या दोन गोष्टी एकत्र बांधण्याचं मोठं काम मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने केलं. रोल्स-रॉइस सोडून तो १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तिथे त्याने एका लांबलचक मोटारीवर सरकवता येणारी वजनं बसवली. वजनं पुढे-मागे करायची, स्प्रिंगा बदलायच्या आणि गाडी कशी चालते ते पाहायचं, असे प्रयोग त्याने चालवले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर गाडी खड्ड्यावरून सपाट जाते, हे त्यातून निघालं. १९३४ च्या मॉडेलांत पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामागे हेच प्रयोग होते. खामगावच्या वाटेवरचा गाडीवान बोजा सरकवून जे शोधत होता, तेच ओली शोधत होता, असं मी मानतो. फरक इतकाच, की ओलीला चार टेकू सांभाळायचे होते.

वजन मोजण्याच्या साधनाचंही कूळ आहे. भरलेली गाडी उभीच्या उभी तोलणारा, तरफांवर चालणारा भुईकाटा जॉन वायट याने १७४० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये उभारला. पुढे १९३८ च्या सुमारास एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी अमेरिकेत, एकमेकांना न विचारता, ताण बसला की विजेचा रोध बदलणारी बारीक तारेची पट्टी काढली. लोखंडाच्या तुकड्यावर ती चिकटवली की तो तुकडाच काटा होतो. आपल्या बाजार समितीतला इलेक्ट्रॉनिक काटा आणि शर्यतीच्या गाडीच्या चार चाकांखाली ठेवायचे चार पाट, दोन्ही त्याच पट्टीवर चालतात.

आता मुद्द्याचा हिशोब. १००० किलोची गाडी घ्या, चालक आत बसलेला. पुढचं डावं चाक ३०० किलो, पुढचं उजवं ३२०, मागचं डावं १८०, मागचं उजवं २००. पुढचं उजवं आणि मागचं डावं हा एक कर्ण: ५०० किलो, म्हणजे बरोबर निम्मा. आता नवी स्प्रिंग बसवताना पुढची उजवी बाजू थोडी उंच झाली. त्या चाकावर ३४० आले, समोरच्या कोपऱ्यातल्या मागच्या डाव्या चाकावर २००, आणि उरलेल्या दोघांवर २८० व १८०. बेरीज करून पाहा: पुढचा आस अजून ६२०, डावी बाजू अजून ४८०. एकही बेरीज हलली नाही, पण कर्ण ५४ टक्क्यांवर गेला. अशी गाडी डावीकडे वळताना नाक बाहेर फेकते आणि उजवीकडे वळताना शेपूट सोडू पाहते. जोरात ब्रेक दाबला की पुढचं हलकं चाक आधी घसरतं. स्प्रिंगची उंची बदलून फक्त कर्ण बदलतो. पुढे किती आणि डावीकडे किती हे बदलायचं असेल, तर बोजाच हलवावा लागतो. बंडीवाल्याचा नियम इथे तसाच्या तसा लागू आहे.

आपल्याकडे हा दोष शर्यतीतून येत नाही. तो पाट्यांतून, म्हणजे लीफ स्प्रिंगांतून येतो. जीप आणि पिकअपचा मागचा एक पाटा बसला की मिस्त्री त्या एकाच बाजूला नवा पाटा चढवतो, गाडी दिसायला सरळ होते आणि कर्ण मात्र बिघडतो. हल्ली तरुण पोरं थार उंच करतात. जुन्या थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळाने स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया होत्या. एक बोल्ट पिळला की तो कोपरा वर येतो. दोन्ही बाजूंचे बोल्ट नुसत्या फुटपट्टीने जुळवले तर उंची जुळते, वजन जुळेलच असं नाही. उंची आणि वजन दोन्ही पाहायची असतात, आणि ती याच क्रमाने.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सांगतो. आधी चारही टायरांत ठरलेली हवा. नेहमीइतकं इंधन. चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती. अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई) असेल तर एका बाजूने सोडायचा, नाहीतर तोच वजन इकडून तिकडे ढकलतो. मग उंची, मग वजन, मग गाडी दाबून-सोडून पुन्हा वजन. दिशेचं काम सगळ्यात शेवटी, कारण उंची हलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं) दोन्ही हलतात. दुकानात गाडी आधी अलाइनमेंटला लावून मग स्प्रिंग कापणारे मिस्त्री मला पाहवत नाहीत. गिऱ्हाइकाचे पैसे तिथेच वाया जातात.

चार पाटांचा काटा जिल्ह्यात सहजी मिळणार नाही. पण अडत्याकडे ५०० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. सपाट सिमेंटच्या जमिनीवर एका चाकाखाली तो आणि बाकी तिघांखाली त्याच उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे ठेवायचे, आणि काटा चारही कोपऱ्यांत फिरवायचा. मोठ्या भुईकाट्यावर एकेक चाक चढवूनही अंदाज येतो. पण तो काटा ५-१० किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. ठळक दोष सापडेल, बारीक नाही. टो तर दोरीनेही काढता येतो: गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर ताणलेल्या दोन दोऱ्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासूनचं अंतर.

हे सगळं कशासाठी? बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना एकापाठोपाठ एक डावं-उजवं वळण येतं, आणि कर्ण बिघडलेली गाडी प्रत्येक वळणावर वेगळी वागते. काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगून-बसून लाटांसारखे होतात, तिथे हलकं चाक जमीन सोडतं. आणि मेहकर, सिंदखेड राजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारी तासाला १२० किलोमीटरने धावतात. दोन्ही चाकांचा मिळून, टायरच्या कडांवर मोजलेला टो ३ मिलिमीटरने चुकला असेल, तर पुढचं प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवं घासत जातं. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर ती घासण टायरला तापवत राहते.

सस्पेन्शन बदलण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मोजमापाबाहेरचा बदल त्यात बसत नाही. आणि कायद्यात बसणाऱ्या नव्या स्प्रिंगा घातल्या असतील, तर मिस्त्रीकडून चारही चाकांचे आकडे कागदावर लिहून घ्या, कर्णाची बेरीज स्वतः करा, आणि ती जुळल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे देऊ नका.