सह्याद्रीचे घाट आणि सायकल : समुद्रापासून पठारापर्यंतची चढण

कन्हेरी (ता. बारामती) : येथील शिवारातून सायकलवर निघालेल्या माणसाला कोठे डोंगर आडवा येत नाही. उसाचे मळे, कालव्याचे पाणी आणि काटेवाडी, बारामती, इंदापूरकडे जाणारे सपाट रस्ते हाच या भागाचा चेहरा. तरीही भूगोलाच्या दृष्टीने कन्हेरीचा रहिवासी घाटमाथ्याचाच रहिवासी आहे. बारामती परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. लोणावळ्याची उंची सुमारे सव्वासहाशे मीटर. म्हणजे मुंबईहून बोरघाट चढून येणारा सायकलपटू जी उंची घाम गाळून गाठतो, तिच्या बरोबरीच्या उंचीवर येथील शेतकरी रोज सकाळी दुधाची किटली घेऊन सायकल चालवीत आला आहे.

महाराष्ट्रात गिअरच्या सायकली आल्या, शनिवार-रविवारी घाट चढणाऱ्यांचे गट तयार झाले आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यतही झाली. त्यामुळे घाट सायकलने चढणे म्हणजे नेमके काय, त्याला शक्ती किती लागते आणि धोका कोठे असतो, याची माहिती आता अनेकांना हवी असते.

एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतरण

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्याची पश्चिमेकडील कड म्हणजे सह्याद्री. ही कड अरबी समुद्राकडे एकदम तुटलेली आहे; पूर्वेकडे मात्र जमीन हळूहळू उतरत जाते. भोरच्या डोंगरात उगम पावणारी नीरा समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते, बारामती-इंदापूरच्या सीमेवरून वाहते आणि नीरा-नरसिंगपूर येथे भीमेला मिळते. हे पाणी पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते.

सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पठारावरून घाटमाथ्याकडे जाताना चढ तुकड्यातुकड्यांनी येतात. कोकणातून वर येताना मात्र सारी उंची थोडक्या अंतरात चढावी लागते. खोपोली ते खंडाळा या बोरघाटाच्या चढणीत साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना सुमारे ४० किलोमीटरमध्ये तेराशे मीटरच्या आसपास चढाई होते. भोर-महाड मार्गावरील वरंध घाट आणि चिपळूण-कराड मार्गावरील कुंभार्ली घाट हेही याच जातीचे.

भूमध्य समुद्राचे नातेवाईक

समुद्रकिनारा आणि लगेच मागे उभा डोंगर ही रचना युरोपात भूमध्य समुद्राच्या काठी आढळते. सायकल शर्यतींचा इतिहास तेथेच घडला. इटलीतील मिलान-सान रेमो ही शर्यत १९०७ पासून होत आहे. तिच्या शेवटच्या टप्प्यात किनाऱ्यालगतच्या दोन चढणी येतात. पोज्जो ही चढण १९६० मध्ये आणि चिप्रेसा १९८२ मध्ये मार्गात समाविष्ट झाली. दोन्ही सहा किलोमीटरपेक्षा कमी लांबीच्या आहेत. पण अडीचशेहून अधिक किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर त्या येतात आणि तेथेच बहुधा निकाल ठरतो. स्पेनच्या मायोर्का बेटावरील सा कालोब्रा हा रस्ता समुद्रकाठच्या वस्तीतून साडेनऊ किलोमीटरमध्ये सुमारे ६८० मीटर वर चढतो. बोरघाट आणि हा रस्ता यांच्या उंचीत फारसा फरक नाही.

दक्षिण फ्रान्समधील माँ व्हाँतू या सुमारे १,९१० मीटर उंचीच्या पर्वताचे नाव मात्र वेगळ्या कारणाने घेतले जाते. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत ब्रिटनचा टॉम सिम्पसन हा नामवंत सायकलपटू कडक उन्हात या पर्वताच्या माथ्याजवळ कोसळला आणि मरण पावला. त्याने उत्तेजक द्रव्य घेतल्याचे नंतर निष्पन्न झाले. उष्णता, पाण्याची कमतरता आणि थांबण्याचा शरीराचा इशारा न जुमानणे यांचा मेळ किती घातक ठरतो, याचे ते उदाहरण आहे. कोकणातील दमट हवेत घाट चढणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे असे आहे.

घाटाचा राजा

आपल्याकडे घाट आणि सायकल यांची सांगड घातली ती मुंबई-पुणे सायकल शर्यतीने. महाराष्ट्रातील जुन्या आणि मानाच्या शर्यतींमध्ये तिची गणना होते. पुण्यात प्रथम पोहोचणाऱ्याइतकाच मान तेथे बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळतो. त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. ज्या वाटेवर हा किताब मिळतो, तिचा इतिहास मोठा आहे. घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि रेल्वे १८६३ मध्ये. रेल्वेमार्ग आखताना इंग्रज अधिकाऱ्यांना वाट दाखविणाऱ्या शिंगरोबा धनगराची कथा आजही सांगितली जाते. जुन्या रस्त्यावरील त्याच्या मंदिरापाशी वाहनचालक हात जोडून पुढे जातात.

पुणे-बारामती सायकल शर्यतीत दिवे घाटाला असेच महत्त्व आले. हा घाट लांबीने लहान. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती याच घाटाने. तुकाराम महाराजांची पालखी पाटसकडून रोटी घाट ओलांडून बारामतीकडे येते आणि पुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. कन्हेरी-काटेवाडीच्या नवशिक्या सायकलपटूला सरावासाठी सर्वांत जवळचा चढ हवा असेल, तर वारकऱ्यांच्या पायाखालचा हा रोटी घाटच योग्य.

लांब पल्ल्याच्या शर्यतींत महाराष्ट्राने नाव कमावले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. पुणे ते गोवा अशी सुमारे साडेसहाशे किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' ही शर्यत या अमेरिकन शर्यतीच्या पात्रतेसाठी ओळखली जाते.

चढणीचे गणित

शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता सात मीटर वर गेला, तर तो चढ ७ टक्क्यांचा. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण सायकलवर त्याचा अर्थ वेगळा होतो. सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो धरले, तर साडेपाचशे मीटर उंची चढण्यासाठी सुमारे ४३० किलोज्यूल काम करावे लागते. मानवी शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवते. उरलेली उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणजे एका बोरघाटासाठी चारशेहून अधिक कॅलरी खर्च होतात. आंबेनळी घाटासाठी हाच हिशेब हजार कॅलरींच्या घरात जातो. सपाट रस्त्यावरचे अंतर आणि वारा यांचा खर्च वेगळा.

नियमित सराव असलेला हौशी सायकलपटू तासभर दीडशे वॅट शक्ती देऊ शकतो, असे धरू. एवढ्या शक्तीने ७ टक्क्यांच्या चढावर वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास राहतो. यासाठीच गिअर हवेत. पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांचे चक्र असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर पुढे जाते आणि मिनिटाला ७० फेरे मारूनही हा वेग सांभाळता येतो. दूधवाल्याची जुनी काळी सायकल एका फेऱ्यात पाच मीटरहून अधिक जाते. त्या सायकलवर हाच चढ मिनिटाला जेमतेम तीस फेऱ्यांनी, प्रत्येक फेऱ्याला सारे वजन पेडलवर टाकून चढावा लागेल. चढ आला की दूधवाला उतरून सायकल हाती धरून चालू लागतो, ते कमकुवतपणामुळे नव्हे. त्याच्या सायकलला तेवढाच मार्ग असतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे पायथ्याशीच जोर लावणे. पहिल्या दोन वळणांत धाप लागली, तर उरलेला घाट यातनांचा होतो. शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतक्याच जोराने चढण सुरू करावी. बसून चढावे, पाय आखडले की थोडा वेळ उभे राहावे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात जायला हवे. त्यासोबत मीठ आणि साखर हवी. यासाठी लिंबू किंवा कोकम सरबत, केळी, शेंगदाण्याची चिक्की पुरेशी आहे. कोकणातून चढणाऱ्याने सूर्य वर येण्यापूर्वी पायथा सोडावा.

उतरताना अधिक सावध

चढताना मेहनतीने मिळविलेली ऊर्जा उतरताना परत मिळते आणि ती कोठे तरी जिरावी लागते. काही हवेच्या विरोधात जाते. उरलेली ब्रेक आणि रिम तापविते. ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटते. म्हणून वळणाआधी जोराने आणि थोडा वेळ दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करावा व मग सोडून द्यावा. वळणात ब्रेक दाबू नयेत. ओला रस्ता, शेवाळ आणि खडी यांवर पुढचा ब्रेक घसरण घडवितो.

घाटांचा खरा धोका पावसाळ्यात असतो. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक ग्रामस्थ गाडले गेले. वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो तो याच कारणाने. रस्ता बंद असल्याचा फलक सायकललाही लागू आहे. 'दुचाकी जाईल' या भरवशावर पुढे जाऊ नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई असल्याने बोरघाटासाठी जुना महामार्गच धरावा. दाट धुके असेल, तर मागे लाल दिवा लावूनही थांबणेच शहाणपणाचे.

सुरुवात कोठून करावी

बारामती-इंदापूरच्या सायकलपटूने प्रथम रोटी घाट, मग सासवडमार्गे दिवे घाट आणि त्यानंतर भोर-वरंध असा क्रम ठेवावा. शेवटच्या प्रवासात एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. नीरेच्या काठाने भोरकडे आणि पुढे घाटमाथ्यावर जाणे हे निम्मेच काम आहे. वरंधच्या माथ्यावरून समोर कोकण दिसू लागले की खाली उतरण्याचा मोह होतो. पण परतीची सारी चढण तेथून पुढे सुरू होते आणि ती दुपारच्या उन्हात करावी लागते. पायांत बळ आणि बाटलीत पाणी दोन्ही शिल्लक असेल, तरच खाली उतरावे.