लिटलकोटची सुईण नेमकं काय म्हणाली?

इंग्लंडमधल्या जुन्या मॅनर हाऊसेसपैकी, म्हणजे जमीनदारांच्या वाड्यांपैकी, बरेच आज हॉटेल झालेत. तिथे मुक्काम केलात तर खोलीच्या किल्लीबरोबर एखादी भुताची गोष्टही पदरात पडते. हंगरफर्डजवळच्या लिटलकोट हाऊसची गोष्ट विल्यम डॅरेलची. ती नीट ऐका, कारण तोंडी परंपरा कशी तपासायची याचा चांगला सराव होतो.

गोष्ट अशी: १५७५च्या सुमारास एका रात्री सुईणीला वाड्यावर नेलं. चेहरा झाकलेली एक बाई बाळंत झाली आणि मालकाने ते मूल आगीत टाकलं. सुईणीने पुरावा म्हणून पलंगाच्या पडद्याचा तुकडा कापून आणला. डॅरेलवर खटला झाला, पण न्यायाधीश जॉन पॉपमला वाडा लाच देऊन तो सुटला. सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने ही कथा टिपली. वॉल्टर स्कॉटने १८१३च्या ‘रोकबी’च्या टिपांमधून ती घरोघरी नेली.

आता आधी तारखा लावा. डॅरेल १५८९ला वारला आणि वाडा पॉपमकडे गेला. पॉपम तेव्हा अॅटर्नी जनरल होता. सरन्यायाधीश झाला १५९२ला. म्हणजे लाच खाणारा न्यायाधीश त्या वेळी न्यायाधीशच नव्हता!

मग सगळंच थोतांड? थांबा. ग्रेट शेफर्डच्या मदर बार्न्स या सुईणीची जबानी खरंच आहे. मूल आगीत टाकल्याचं ती सांगते, पण त्यात ना डॅरेलचं नाव, ना लिटलकोटचं. ती नावं इतरांनी जोडली. इथे बरेच जण फाइल बंद करतात, आणि मला तीच घाई वाटते. कारण लाँगलीटच्या कागदपत्रांत सर हेन्री निव्हेटचं जानेवारी १५७९चं एक पत्र सापडलं. बॉनहॅम नावाच्या गृहस्थाने आपल्या बहिणीची चौकशी करावी, असं त्यात सुचवलंय: डॅरेलच्या घरी तिला कसं वागवलं, तिला मुलं किती झाली, त्यांचं पुढे काय झालं.

या पत्राने खून सिद्ध होत नाही. पण डॅरेल जिवंत असतानाच त्याच्या घरातल्या मुलांबद्दल लोक विचारत होते, एवढं नक्की कळतं. पडद्याच्या तुकड्यापेक्षा मी या पत्राला जास्त वजन देईन. त्या बाईचा उल्लेख मात्र त्यातही भावाच्या नावानेच येतो.