'तो' या सर्वनामाची व्याप्ती

'लिबयूव्ही' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या संहितेतील टिपांत पुल्लिंगी सर्वनामाऐवजी लिंगनिरपेक्ष सर्वनाम घालावे, ही सूचना २०१३ साली प्रथम क्षुल्लक म्हणून नाकारली गेली. वाद माजल्यावर ती स्वीकारण्यात आली. ही बाब खरोखर क्षुल्लक आहे काय, याचा निर्णय करण्यास दुसऱ्या एका संहितेचा, म्हणजे कायद्याचा, इतिहास उपयोगी पडतो.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या आठव्या कलमाने इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम स्त्रीपुरुष दोघांनाही लागू केले. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने तसाच नियम केंद्रीय कायद्यांना लावला. मात्र विषय वा संदर्भ प्रतिकूल नसावा, अशी अट त्याला होती. या अटीत किती सामावते, ते १९१६ साली दिसून आले. रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली. कायद्यात 'व्यक्ती' या अर्थाचा शब्द होता, पुल्लिंगात स्त्रीलिंगाचा समावेश करणारा नियमही होता. तरीही कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नकार दिला. पुढे पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्यालाही तेच आले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना मात्र १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्रवेश दिला. अखेर १९२३ साली केंद्रीय विधिमंडळाला स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख करून स्वतंत्र अधिनियम करावा लागला. समावेश गृहीत धरला की तो वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहतो, हाच या प्रकरणाचा बोध होय.

बरोबर शंभर वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध शब्दप्रयोगांना पर्याय सुचविणारी पुस्तिका काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता संमत केली. तिच्या व्याख्येत स्त्रीपुरुषांबरोबर तृतीयपंथी व्यक्तींचीही भर पडली. सर्वनाम मात्र पुल्लिंगीच राहिले. अर्थ रुंदावला, शब्द जागचा हलला नाही.

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट सहज सुचावी. आपल्या भाषेत 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'जी व्यक्ती अपराध करील ती शिक्षेस पात्र होईल' असे लिहिल्यास पुरुष सुटले, असे कोणीही म्हणणार नाही. 'ती' मध्ये पुरुष निःशंकपणे सामावतो. 'तो' मध्ये स्त्री सामावते की नाही, हे मात्र न्यायालयात जाऊन विचारावे लागले. तेव्हा दोष व्याकरणाच्या लिंगाचा नव्हे. ज्यांचे स्थान निर्विवाद आहे, त्यांना कोणतेही सर्वनाम चालते. ज्यांचे स्थान वादग्रस्त आहे, त्यांचा उल्लेखच करावा लागतो.