औषधाला धरून ठेवणारा मध

चीनच्या गान्सू प्रांतात वूवेई इथे 1972 साली पूर्व हान काळातल्या एका थडग्यात वैद्यकीच्या लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांत जुनाट खोकल्यावरचा एक पाठ आहे. दालचिनी, आलं, बचनागाच्या कुळातलं मूळ, आपल्या तिरफळाच्या जातीची सिचुआन मिरी अशी सहा द्रव्यं कुटायची, पांढऱ्या मधात मळून चेरीएवढ्या गोळ्या वळायच्या आणि दिवसरात्रीत तीन गोळ्या तोंडात धरून रस गिळायचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही कृती. मधाने भुकटीची गोळी बांधली जाते आणि ती सावकाश विरघळत घशाशी रेंगाळते.

त्याच हान काळात रचल्या गेलेल्या ‘शेन्नोंग बेन्साव जिंग’ या ग्रंथात 365 औषधं तीन वर्गांत मांडली आहेत. मधाचं स्थान वरच्या वर्गात, म्हणजे दीर्घकाळ घेतली तरी बाधत नाहीत अशा द्रव्यांत.

पण मधाची खरी जाण दिसते ती इ.स. 200च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याकडे. पोटातल्या तीव्र, थंडीने उठणाऱ्या कळांवर तो बचनागाच्या कुळातलं मूळ देतो. हे मूळ जीवघेणं. म्हणून आधी त्याचा काढा करायचा, मूळ काढून टाकायचं आणि तो काढा मध घालून पाणी उडेपर्यंत आटवायचा. दुसरा उपाय बद्धकोष्ठाचा. घाम जाऊन ज्याच्या शरीरातला ओलावा आटला आहे, त्याला जहाल रेचक दिलं तर तो आणखी खचेल, हे त्याने ओळखलं होतं. अशा रोग्यासाठी तांब्याच्या भांड्यात मंद आचेवर मध घट्ट करायचा, गरम असतानाच बोटाएवढी वात वळायची आणि ती गुदद्वारात ठेवायची. रोग्याच्या उरल्यासुरल्या बळाला धक्का न लावता काम साधणारा हा उपाय मला त्याच्या वैद्यकीतला सर्वांत शहाणा वाटतो.

इथे आपल्याकडच्या वाचकाला अडखळायला होईल. चरकसंहितेने तापवलेला मध निषिद्ध मानला. आपले वैद्य अनुपान म्हणून देतात तो न तापवलेला. चिनी वैद्यांनी मात्र मध शिजवणं हीच एक विद्या केली. ली शिझेनने आपल्या ‘बेन्साव गांगमू’ या ग्रंथात (छापील आवृत्ती 1596) कच्चा मध थंड आणि शिजवलेला उष्ण, असा भेद केला आहे. आजही औषधशाळांत कोवळा, मध्यम आणि जून असे शिजवलेल्या मधाचे तीन प्रकार करतात. जून मध 119 ते 122 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. त्याचा थेंब पाण्यात पडला की मण्यासारखा गोळा होतो. ज्या भुकटीला चिकटपणा कमी, तिला असा मध लागतो. शिवाय ज्येष्ठमधासारखी द्रव्यं मधात परततात. चीनच्या औषधकोशात 100 किलो ज्येष्ठमधाला 25 किलो शिजवलेला मध हे प्रमाण आहे. घाम आणणारी माहुआंग ही वनस्पती मधात परतली की तिचा जोर सौम्य होतो, असं चिनी वैद्यक मानतं.

सोंग काळातल्या छ्येन यी या बालवैद्याने झांगच्या आठ द्रव्यांच्या गोळीतून दोन उष्ण द्रव्यं वगळून मुलांसाठी सहा द्रव्यांची गोळी केली. त्याच्या शिकवणीचा ग्रंथ 1119 साली सिद्ध झाला. द्रव्यं बदलली, मध तसाच राहिला. ‘लिउवेई दीहुआंग’ या नावाने ती गोळी आजही चीनमध्ये घरोघरी माहीत आहे, आता मोठ्यांसाठीही. तिच्या मधातल्या गोळीत 100 ग्रॅम चूर्णाला 80 ते 110 ग्रॅम शिजवलेला मध घालतात. म्हणजे जवळपास निम्मी गोळी मधाचीच. मधुमेह असलेल्या कुणी अशी गोळी आणली असेल, तर घेण्याआधी हा हिशेब आपल्या डॉक्टरांपुढे जरूर ठेवावा.