पट आधी, निकाल मग

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहुणा गेला की मुख्याध्यापक चहा सांगतात आणि निकालाची फाइल पुढे करतात. मी हल्ली हजेरीपत्रक आधी मागतो. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीचे हजेरीपत्रक असेच मांडीवर घेऊन बसलो होतो. ऑगस्टच्या पानावर ३४ नावे. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या पानावर ११ नावांपुढे सलग गैरहजेरी, आणि समासात पेन्सिलीने एकच शब्द: ‘कारखाना’. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “सर, ही पोरं उन्हाळ्यात येतील. आली तर.” टेबलावर त्याच वर्गाच्या सरासरी गुणांचा तक्ता होता. तो २३ जणांचा होता.

शाळेचे मूल्यमापन नावाची जी विद्याशाखा आहे तिची दारे पुष्कळ आहेत. मला हजेरीपत्रकाचे हे दार जवळचे वाटते, म्हणून वाचकाला इथूनच आत घेतो आहे. आत यायला फार सामान लागत नाही. सरासरी आणि टक्केवारी काढता आली, रकाने वाचायचा कंटाळा नसला, की पुरे. हे पुस्तक शिक्षकांसाठी, केंद्रप्रमुखांसाठी, डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी आहेच. पण लिहिताना डोळ्यांपुढे होते ते शाळा व्यवस्थापन समितीतले पालक. शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. बैठकीत मात्र त्यांच्यापुढे सहीपुरते रजिस्टर येते.

मुळात ज्या शाळेचे मूल्यमापन इथे करायचे ती ‘उच्च प्राथमिक शाळा’ म्हणजे काय, इथेच पहिली अडचण. आपल्याकडे जुनी घडी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि मग हायस्कूल अशी होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली. गावातल्या इमारतींनी हे लगेच ऐकले नाही. कुठे सातवीनंतर मूल संस्थेच्या हायस्कूलला जाते, कुठे वाडी-वस्तीवरच्या तीन-चार शाळांतली मुले चौथी-पाचवी करून एका मोठ्या शाळेत येतात. म्हणजे सहावीच्या वर्गातली कच्ची वजाबाकी ही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या फळ्यावर कच्ची राहिलेली असते. आठवीच्या निकालाचे श्रेय किंवा दोष एका शाळेच्या नावावर चढवण्याआधी मूल कुठून आले हे दाखल-खारीज रजिस्टरात पाहावे. ते रजिस्टर प्रत्येक शाळेच्या कपाटात असते आणि सहसा कुणी उघडत नाही.

आता पट. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, त्याचे पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्या क्रमांकाखाली मुलगे-मुली, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग मुले, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे असे सगळे नोंदलेले असते. ही माहिती निरागस नाही. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदे ठरतात. कायद्याने उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक. पट घसरला की कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाणार, हे सगळ्या शिक्षकांना पाठ असते. अशा वेळी एखादे नाव कमी करायला कुणाचा हात चटकन उठत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली होती, मतदाराला लावतात तशी. ज्या आकड्यावर नोकरी टांगलेली असते तो आकडा कसा वाचायचा, हे त्या शाईने जितके शिकवले तितके मला कोणत्याही ग्रंथाने शिकवले नाही.

३० सप्टेंबरला ऊसतोड कामगार गावातच असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह टोळ्या निघतात, साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. आता या तारखा शेजारी ठेवून पाहा: केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाच्या चाचण्या १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ ला झाल्या, त्याच्या जागी आलेल्या परख सर्वेक्षणाची ४ डिसेंबर २०२४ ला. देशभरासाठी या तारखा सोयीच्या असतीलही. बीड, पाथर्डी किंवा जतच्या एखाद्या वर्गात मात्र पट एका ऋतूचा आणि गुण दुसऱ्या ऋतूचे. यात कुणाची लबाडी नाही. बाकावर जे मूल नाही त्याची उत्तरपत्रिकाही नाही, इतकेच.

विद्यार्थीवर्गाचे वर्णन डोकी मोजून संपत नाही. मेळघाटातल्या वर्गात घरी कोरकू बोलणारी मुले असतात, धडगावकडे पावरी, तांड्यावर गोरमाटी. माध्यमाच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलेले असते. सहावीच्या विज्ञानाच्या पेपरात मूल चुकले ते विज्ञानात की मराठीत, हे गुण सांगत नाहीत. दुसरीकडे, गावाबाहेर पिवळी बस लागली की ज्यांना फी झेपते ती घरे आपली मुले इंग्रजी शाळेत घालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचा निकाल त्या वर्षी खाली आला, तर शिकवणे बिघडले असे म्हणण्याआधी वर्ग तोच आहे का, हे विचारावे.

मापनाची साधने कोणती? आपल्या ओळखीचे सगळ्यात जुने साधन म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. ती आधी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो तो तिचाच. समजा, आठवीत ४१ मुले आहेत, सरांनी निवडून ९ जणांना बसवले, ७ पात्र झाली. फ्लेक्सवर ७८ टक्के. पटाशी भागले तर १७. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सरांच्या निवडीचा आणि जादा तासांचा, दुसरा शाळेचा. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा असर अहवाल २००५ पासून निघतो आणि त्याची पद्धत वेगळी आहे: कार्यकर्ता घरी जातो, मुलाला एकट्याला समोर बसवून वाचायला देतो. त्यातला सर्वांत अवघड उतारा दुसरीच्या पातळीचा असतो. आठवीतल्या मुलाला तो वाचता येत नसेल तर ती मोठी बातमी आहे. वाचता येत असेल तर सहावी ते आठवीत शाळेने काय केले, याबद्दल अजून काहीच कळलेले नाही. अहवालावर भांडणारी निम्मी माणसे ही एवढी गोष्ट विसरतात.

या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी असलेला प्रश्न समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अमेरिकी अहवालाने ऐरणीवर आणला: मुलांच्या यशात घराचा वाटा किती आणि शाळेचा किती? त्यांच्या आकड्यांत घर फार जड निघाले. पुढे १९८३ मध्ये हेनमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची माहिती ताडून पाहिली, तेव्हा गरीब देशांत शाळेचे पारडे बरेच जड निघाले. आपल्या शिक्षकांना कोलमन ऐकून माहीत असतो, हे दुसरे नाव सहसा नसते. उलटे असते तर बरे झाले असते. घर वजा करून शाळा कशी मोजावी, यावर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात शेतीसंशोधनातून आलेल्या विल्यम सँडर्स या संख्याशास्त्रज्ञाने एक रीत बसवली: त्याच मुलाचे आधीचे गुण घ्या, आताचे घ्या, वाढ मोजा. कल्पना इतकी सरळ की बांधावरच्या माणसालाही पटेल. दोन गोष्टी मात्र आड येतात. वर्गात १८ मुले असतील आणि चाचणीच्या दिवशी दोघांना ताप असेल, तर टक्केवारी ११ ने हलते. तेवढ्यावर शिक्षकाची बढती किंवा बदली ठरवणे हा जुगार आहे. आणि ज्या मुलाचे आधीचे किंवा आताचे गुणच नाहीत, ते मूल या हिशेबातून गळते. हजेरीपत्रकातली ती ११ मुले पुन्हा गळाली.

निकालावर पैसे देण्याचा प्रयोग इंग्लंडने १८६२ मध्ये केला होता आणि त्याच शतकात मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान मिळत असे. त्याची हकीकत पाचव्या प्रकरणात आहे, इथे लांबवत नाही. आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या हुलकावणी देणाऱ्या त्रिकोणावर पुस्तक लिहिले. या विषयात मुरायचे असेल तर तेथवर जावेच लागेल.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल एकच सुचवतो. घाई असेल त्याने पहिले प्रकरण सोडले तरी चालेल, दुसरे सोडू नये. त्यात तो सातवीचा वर्ग नावे काढून, जून ते एप्रिल, पानापानाने छापला आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ४ जणांची हजेरी पुन्हा लागू लागते, ७ जणांची लागत नाही. एप्रिलच्या संकलित चाचणीला त्या चौघांपैकी तिघे बसले आहेत. वर्गाची सरासरी काढताना या ११ जणांचे काय करायचे, ते वाचकाने समासात पेन्सिलीने लिहावे आणि मग पान उलटावे.